जागल

"कोणतं गाव जी?"

गोंदियाहून बालाघाटला निघालेल्या गाडीत समोरच्या बाकावरच्या बाईंनी विचारलं. मी म्हटलं, "लांजा."

"लांजी? मग इकडून काहून चालले? आमगाववरून जवळ पडते."

लांजी हे बालाघाट जिल्ह्यातलं जुनं, किल्ला असलेलं गाव. माझं लांजा रत्नागिरी जिल्ह्यातलं. एका काना-वेलांटीचा फरक आणि मधे अख्खा महाराष्ट्र. ते समजावून झाल्यावर बाईंचा पुढचा प्रश्न आला, तिकडे काय पिकतं?

"भात."

"भात शिजते. पिकते काय?"

"धान," मी शरणागती पत्करली.

"धान पिकते तर मग डुकरं असतीलच," असं म्हणून त्यांनी पिशवीतून शेंगा काढल्या आणि मूठभर माझ्या हातावर ठेवल्या. ओळख झाली होती. मी कुठल्या जातीचा, नोकरी काय, मुलं किती, यातलं काही त्यांना विचारावंसं वाटलं नाही. धान आणि डुकरं एवढं कळलं की त्यांच्या हिशेबी माणूस बराचसा कळत होता.

आणि त्यांचा हिशेब बरोबर होता. मी निघालो होतो तोच मुळी डुकरांसाठी. माझा जुना मित्र बैहरला शिक्षक आहे, त्याची सासुरवाडी लालबर्रा तालुक्यात. दर नोव्हेंबरात त्याचा फोन यायचा आणि "सासऱ्यांकडे जागलीला चाललोय" म्हणून तो घाईने ठेवायचा. जागल हा शब्द आमच्याकडे नाही. आमच्याकडे 'राखण' म्हणतात. माझे वडील भाताच्या कोपऱ्यांवर माच बांधून राखणीला जायचे, लहानपणी मीही त्यांच्याबरोबर जायचो आणि झोपून जायचो. पुढे वडिलांचे गुडघे गेले, भाऊ मुंबईला गेला, राखण सुटली. दोन पावसाळे डुकरांनी शेत साफ केलं, तिसऱ्या पावसाळ्यात आम्ही लावणीच केली नाही. आता त्या कोपऱ्यांत घाणेरी माजली आहे आणि डुकरांना रानातून यावं लागत नाही, ती तिथेच राहतात. कोकणात ही गोष्ट घरोघरची आहे, त्यामुळे तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. जिथे अजून जागतात तिथे जाऊन यावं, असं मनात होतं.

गाडीने बाघ नदी ओलांडली. राज्य बदललं, पण बाहेर काही बदललं नाही. त्याच धानाच्या बांधी, तेच धुऱ्यांवरचे पळस, कापणी झालेल्या शेतात तसेच पसरलेले कडपे. बदल झाला तो फक्त स्टेशनच्या पाट्यांवरच्या ऱ्हस्व-दीर्घांत.

बालाघाट म्हटलं की आपल्याला शाळेतल्या नकाशातली मराठवाड्याची डोंगररांग आठवते. 'घाटावरचा मुलूख' हाच अर्थ इथेही आहे. गंमत अशी की जिल्ह्याचं हे शहर घाटाखाली, वैनगंगेच्या काठी वसलेलं आहे. त्याचं जुनं नाव बुऱ्हा. 1867 साली जिल्हा झाला आणि घाटावरच्या मुलखाचं नाव पुढे घाटाखालच्या गावाला चिकटलं. 1956 पर्यंत इथल्या लोकांची राजधानी नागपूर होती. बाजारात म्हाताऱ्या माणसाशी मराठीत बोललं तर तो दचकत नाही, उलट दोन वाक्यं मराठीत बोलून मग सवयीने हिंदीवर घसरतो. घराघरांत पोवारी चालते. तिच्यात 'आहे'ला 'से' म्हणतात. पहिले दोन दिवस मला ती कळतच नव्हती, तिसऱ्या दिवशी वाटलं की अरे, ही तर आपलीच कुणी दूरची आत्या बोलते आहे.

मित्र मला घ्यायला आला आणि घरी नेण्याआधी एका सलूनमध्ये घेऊन गेला. मला वाटलं दाढी करायची असेल. तर न्हाव्याने आतून सुतळीने तोंड बांधलेली दोन पोती काढून दिली. केसांची.

"खताला?"

"डुकराला," मित्र म्हणाला. "धुऱ्यावर पसरायचे. डुकराचं सगळं काम नाकावर चालतं. दिसतं त्याला कमी. माती हुंगत चालतं, केस नाकात शिरले की फुरफुरत मागे फिरतं. महिनाभर तरी."

हा उपाय देशभर चालतो हे मी ऐकून होतो, पण त्याची अशी बाजारपेठ असेल असं वाटलं नव्हतं. न्हावी आधी केस फुकट द्यायचा, आता हंगामात मागणी वाढल्यावर चहापाण्याचे पैसे घेतो. मी खुर्चीत बसून केस कापून घेतले आणि माझीही मूठभर भर त्या पोत्यात घातली.

मित्राला एक दिवस शाळेत हजेरी लावायची होती म्हणून आधी बैहरला गेलो. भरवेलीची मँगनीजची खाण मागे पडली, गांगुलपाऱ्यापासून चढण लागली आणि उकव्याच्या आसपास झाडं बदलली. खाली साग आणि बांबू, वर साल. इथले लोक त्याला सरई म्हणतात. सह्याद्रीतल्या माणसाला सालाचं रान पाहून आधी चुकल्यासारखं होतं. आपलं रान वेलींनी, करवंदांनी, कारवीने भरलेलं, वाकून चालायला लावणारं. सालाचं रान देवळातल्या खांबांसारखं उभं असतं आणि त्यातून लांबवर दिसतं. याच पठारावर पुढे कान्हा आणि त्याचं मुक्की दार. पर्यटकांच्या जिप्सी तिकडे जात होत्या. आम्ही अलीकडेच एका फाट्यावरून आत वळलो.

गाव बैगा आदिवासींचं. मित्राच्या शाळेतल्या एका मुलाचे आजोबा अंगणात बांबू सोलत बसले होते. अंगण इतकं सारवलेलं की चप्पल कुठे काढावी हा प्रश्न पडावा. त्यांच्या सुनेने पानाच्या द्रोणात कुटकीची पेज दिली. आंबूस, कोमट, मीठ बेताचं. आमच्याकडे आजारी माणसाला पेज देतात. इथे ती कामाला जाणाऱ्या माणसाचं जेवण आहे.

बैगांबद्दल वेरिअर एल्विनने 1939 साली जाडजूड पुस्तक लिहिलं. धरतीमातेच्या छातीवर नांगर कसा चालवायचा, म्हणून हे लोक पूर्वी नांगर धरत नसत. रान तोडून, जाळून, राखेत बी फेकायचे. त्या शेतीला बेवर म्हणतात. सरकारने ती बहुतेक ठिकाणी केव्हाच बंद पाडली. आता आजोबांच्या घरीही बैल आहेत. मी त्यांना बेवरात डुकरांचं काय करत होतात ते विचारलं. त्यांनी हातातला बांबू उचलून दाखवला. उभा चिरलेला बांबू झाडाला बांधायचा, त्याला दोरी लावायची, दोरीचं दुसरं टोक मचाणावर आपल्या पायाच्या अंगठ्याला. झोपेत कूस बदलली तरी खडाड् वाजतो.

"और आदमी सोता रहे, पाँव जागता रहे," असं म्हणून ते हसले. दात दोनच होते, पण हसू भरगच्च होतं.

या भागात गोंडांच्या गावालाही शिवेचा पुजारी बैगाच लागतो. शिवेचा तंटा झाला तर बैगा सांगेल ती शीव. वाघाने कोणाला मारलं तर त्याचा आत्मा शांत करायचा तो बैगानेच. हे ऐकताना मला आमचं गाऱ्हाणं आठवलं. गुरव किंवा गावकर देवळासमोर उभा राहून राखणदाराला सगळं नाव घेऊन सांगतो की बाबा, शिवेच्या आत आलेलं संकट शिवेबाहेर घाल, रानच्या जनावरापासून शेताभाताचं रक्षण कर, आणि सगळे 'व्हय म्हाराजा' म्हणतात. हजार किलोमीटरच्या आतबाहेर दोन माणसं आपापल्या शिवेवर उभी राहून तेच मागताहेत. डुक्कर दोघांनाही जुमानत नाही, हा भाग वेगळा.

निघताना आजोबांनी डुकराचा गोंडी शब्द सांगितला. शेजारचे गोंड 'पद्दी' म्हणतात. तेलुगूत 'पंदि', कन्नडात 'हंदि'. बेळगावच्या वाटेवर ऐकलेला शब्द सातपुड्यात भेटला आणि मला उगाच आनंद झाला. डुक्कर सगळीकडे पोचण्याआधी त्याचं नाव पोचलेलं असणार.

दुसऱ्या दिवशी घाट उतरून पुन्हा बालाघाटला आलो, गर्ऱ्याला वैनगंगेचा पूल ओलांडला आणि लालबर्ऱ्याच्या बाजूला लागलो. गाव मोठं, पोवारांचं. चौकातल्या पाटीवरची आडनावं पटले, बिसेन, टेंभरे, ठाकरे आणि पारधी. हो, पारधी हे पोवारांतलं एक कूळ आहे. मित्राचे सासरे, ज्यांना सगळं गाव काकाजी म्हणतं, त्यांच्या शेजारी पारधीच राहतात. शिक्षक आहेत आणि शाकाहारी.

काकाजी पंचाहत्तरीचे, सडसडीत. धोतर, त्यावर स्वेटर, कानावर गुंडाळलेला गमछा. "या जी, या," म्हणून त्यांनी आधी लोट्याने पाय धुवायला पाणी दिलं आणि मग चहा. आमच्याकडे आधी गुळाचा खडा आणि पाणी. चहानंतर पाच मिनिटांत आम्ही शेतावर होतो. घर दाखवण्याची त्यांना हौस नव्हती, शेत दाखवण्याची होती.

गावाच्या मागे शेतं, शेतांमागे रान. ते सोनेवानीचं रान, सागाचं आणि बांबूचं. कान्हा आणि पेंच यांना जोडणाऱ्या रानपट्ट्याचा हा भाग. वाघ, बिबट्या, रानकुत्री, सगळं या वाटेने जातं. गावाकडच्या बांधींतली धानं कापून झाली होती. पुंजणी रचली होती. काकाजींची रानालगतची दोन एकरं मात्र अजून उभी होती, खाली झुकलेली, आणि धुऱ्यावर पाय ठेवला तसा वास आला. कच्च्या दुधावर तूप ओतावं तसा काहीसा.

"चिन्नोर," काकाजी म्हणाले.

बालाघाटच्या चिन्नोरला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. बारीक दाणा, शिजला की मऊ, आणि वास असा की शेजारच्या घरी कळतं आज काय शिजतंय. पण हे धान उंच वाढतं, वाऱ्याने लोळतं, एकरी उतारा कमी आणि पिकतं सगळ्यांच्या नंतर. संकरित धानं दिवाळीच्या आसपास घरात येतात. चिन्नोर त्यानंतरही कितीतरी दिवस शेतात उभं असतं. चारी बाजूंनी रिकाम्या बांधी आणि मधे हे एकटं सुगंधी शेत. पंचक्रोशीतल्या सगळ्या डुकरांना मग एकच पत्ता उरतो. मानांकन दाण्याला मिळालं, त्यासाठी जागायच्या रात्रींना नाही.

शेताभोवती साड्या होत्या. लाल, हिरव्या, जांभळ्या, चमकी लावलेल्या, फाटलेल्या, बांबूला बांधून सलग ताणलेल्या. इथून जवळ वारासिवनीला हातमागाच्या रेशमी साड्या विणतात. या मात्र गावातल्या सगळ्या घरांनी नेसून टाकलेल्या नायलॉनच्या. वाऱ्याने फडफडल्या की लांबून वाटे, गावातल्या सगळ्या बाया फेर धरून उभ्या आहेत. काकाजींच्या पत्नी, काकी, एका साडीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "वह मेरी बहू की. शादी की तीसरी." सून मागे उभी होती, लाजली. साड्यांमध्ये दारूच्या रिकाम्या बाटल्या जोडीने टांगलेल्या, किणकिणायला. आम्ही आणलेली केसांची पोती सालदाराने ताब्यात घेतली आणि धुऱ्यावर चिमटीचिमटीने पसरायला सुरुवात केली, रांगोळी काढावी तशी.

मग काकाजी मला माग दाखवायला घेऊन गेले. रानाच्या कडेने, बोडीच्या, म्हणजे तळ्याच्या काठाने. त्यांचं वाकून चालणं बघण्यासारखं होतं, सुईत दोरा ओवणाऱ्या माणसासारखं लक्ष. चितळाचा खूर आणि डुकराचा खूर मला सारखाच दिसला. त्यांनी काडीने दाखवलं. चितळाचा निमुळता, टोकदार. डुकराचा आखूड, बोथट आणि मागे दोन टिकल्या. मागची छोटी खुरं चिखलात टेकतात आणि मुख्य खुरांपेक्षा जराशी बाहेर उमटतात. हा पुरावा. बोडीच्या कडेला लोळण होतं, न्हाणीएवढा खड्डा, गढूळ पाण्याने अर्धा भरलेला, काठावर राठ केस. पाच पावलांवर एक साग, त्याच्या बुंध्यावर वाळलेल्या चिखलाचा लेप. डुक्कर लोळून आलं की अंग झाडाला घासतं. लेप कुठवर पोचतो त्यावरून जनावर केवढं ते कळतं. काकाजींनी हात लावून पाहिला. लेप त्यांच्या मांडीच्या वर होता.

"हा एकटा आहे," ते म्हणाले. "बाकी माद्या, पिल्लं झुंडीने राहतात. हा अलग फिरतो. झुंड आवाजाला भिते. हा नाही भीत. हा उभा राहून पाहते, कोण ओरडला ते."

त्याने बांधीत काय केलं होतं तेही काकाजींनी दाखवलं. चितळ शेंडे खुडतं. डुक्कर धान आडवं पाडतं, लोंबी तोंडात धरून चावतं, रस-दाणा गिळतं आणि चोथा थुंकतं. काकाजींनी तसे चोथे हातावर घेतले, पान खाऊन थुंकावं तसे. खाल्लं थोडं, तुडवलं जास्त. दहा पावलं लांब-रुंद जागा जणू गाद्या टाकल्यासारखी दाबलेली. पंचनाम्याला पटवारी येतो तेव्हा डोळ्यांनी बघून टक्के लिहितो, मग महसूल खात्याच्या नियमांनी भरपाई. ताडोबाच्या पश्चिम कडेच्या गावांत मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं मोजमाप करून 2016 मध्ये जो अभ्यास छापला, त्यात हीच मेख आहे. डोळ्याला दिसणारं नुकसान आणि मळणीनंतर हाती येणारा तोटा यांचा मेळ बसत नाही. मी काकाजींना ते सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, "त्यात नींद मोजली का?"

मोजली नसावी.

संध्याकाळी कोचईच्या, म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या, उडदाचे वडे, अंबाडीची भाजी आणि चिन्नोरचा भात, नवा नव्हे, गेल्या सालचा. नवा पोटाला जड, असं काकींचं मत. वाढताना त्या समोर बसून राहिल्या आणि माझ्या पानात भात संपण्याआधी पुन्हा वाढत गेल्या. पुरे म्हणायला मी 'बस' म्हणत होतो, पण इथे 'बस' म्हणजे 'आणखी दोन चमचे' असावं.

जेवताना नातवाने मोबाइलवर एक व्हिडिओ लावला. अमेरिकेतलं टेक्सास. तिथल्या रँचवर मका पसरलेला, भोवती लोखंडी जाळीचं गोल कुंपण, वर कॅमेरा. मालक घरी सोफ्यावर बसून फोनवर बघतोय. तीस-चाळीस डुकरं आत आली, त्याने बटण दाबलं, दार धाडकन पडलं. पुढच्या व्हिडिओत हेलिकॉप्टरमधून गोळ्या. टेक्सासमध्ये 2011 पासून ते कायदेशीर आहे. तिथली डुकरं मुळात युरोपातून आलेल्यांनी आणलेली, रानात सुटून माजलेली. त्यांना तिथे कोणी आपलं म्हणत नाही.

काकाजींनी सगळं शांतपणे पाहिलं. "जमीन किती आहे त्याची?"

नातवाने अंदाजे हजारांत आकडा सांगितला.

"मग बरोबर आहे," काकाजी म्हणाले आणि वडा घेतला.

हेलिकॉप्टर मात्र त्यांच्या डोक्यातून गेलं नाही. 2025 च्या ऑक्टोबरात याच राज्यात, शाजापूर जिल्ह्यात, दक्षिण आफ्रिकेची तज्ज्ञ मंडळी बोलावून हेलिकॉप्टरने काळवीट आणि नीलगायी हाकलल्या, कापडी भिंतींच्या कोंडवाड्यात, म्हणजे बोमात, शिरवल्या आणि ट्रकने अभयारण्यांत नेऊन सोडल्या. ते त्यांनी टीव्हीवर पाहिलं होतं. "हिरणाला हेलिकॉप्टर," ते म्हणाले, "डुकराला माझा सालदार."

मी विचारलं, गोळी घालायला परवानगी मिळत नाही का? आमच्या कोकणात शेतीसंरक्षणाच्या परवान्याच्या ठासणीच्या बंदुका घरोघर टांगलेल्या असायच्या. काकाजींचीही होती म्हणे, वडिलांच्या वेळची. नक्षल्यांच्या काळात घरात बंदूक म्हणजे दोन्हीकडून भीती, टॉर्च घेऊन रानाकडे फिरणंसुद्धा अवघड, म्हणून तो विषयच संपला. आणि कायदा? पूर्वी रानडुक्कर वन्यजीव कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत होतं, 2023 च्या एप्रिलपासून नव्या रचनेत दुसऱ्या अनुसूचीत आलं. मारायचं तर अधिकाऱ्याचा लेखी हुकूम हवा. बिहार आणि उत्तराखंडने दहा वर्षांपूर्वी काही काळ त्याला उपद्रवी ठरवून मोकळीक दिली होती. चंद्रपुरातल्या परवानग्यांवरून 2016 मध्ये केंद्रातले दोन मंत्रीच आपसांत भिडले होते. केरळने सरपंचांच्या हाती हुकमाची कलमं दिली. इथे लालबर्ऱ्यात त्यातलं काही पोचलेलं नाही. इथे पोचली आहे ती तार.

तिचा विषय कोणी काढत नव्हतं. काढला तो नाकेदाराने. वनरक्षकाला इकडे नाकेदार म्हणतात. रात्री आठच्या सुमाराला तो मोटारसायकलवरून गस्तीला चालला होता, काकाजींच्या ओसरीवर चहाला थांबला. तरुण मुलगा, डोळे तांबारलेले. जीआय तार रानवाटेच्या आडवी, गुडघ्याच्या उंचीवर, खुंट्यांना बांधायची आणि टोकाला आकडा करून वरच्या अकरा हजारांच्या लाइनवर टाकायचा. जो येईल तो गेला. डुकरासाठी लावतात, मांस विकणारे लावतात, शेतकरीही लावतात. आणि डुकराच्या मागावर जो निघतो तो वाघ. वाट तीच, उंची तीच. मध्य प्रदेशात 2022 च्या गणनेत 785 वाघ मोजले, देशात सर्वांत जास्त. त्यांतले जे रानपट्ट्यांतून फिरतात त्यांच्या वाटा अशाच शेतांच्या कडेने जातात.

"रात को लाइन ट्रिप हुई," नाकेदार म्हणाला, "तो गाँव सोचता है बिजली गई. मैं सोचता हूँ, कौन गया." त्याने चहा संपवला आणि कप स्वतः धुऊन ठेवला.

तो गेल्यावर काकाजी बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, शेजारच्या एका गावात एकाने स्वतःच्याच बांधीत तार लावली आणि पहाटे पाणी बघायला जाताना विसरून तिथूनच गेला. बायको-मुलं आहेत. काकाजींच्या कोठारात मी दुपारी एक तारेचं भेंडोळं पाहिलं होतं. त्याबद्दल मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नातू मात्र झटका मशीन घ्या म्हणून मागे लागला आहे. सौर बॅटरीवर चालतं, सेकंदाला एक ठोका, जीव जात नाही, फक्त आठवण राहते. पण गवत वाढून तारेला टेकलं की झटका जमिनीत मुरतो, म्हणजे रोज धुरा साफ हवा, आणि धुरा साफ करायला माणूस हवा. पुन्हा माणूसच.

नऊला आम्ही मचाणावर चढलो. चार सागाच्या बल्ल्या, वर बांबूची ताटी, त्यावर तणस, वर गवताचं छप्पर. खाली शेकोटी. अंधारा पंधरवडा होता. डुकरं अंधारात जास्त येतात म्हणून जागल या दिवसांत कडक. काकाजी पूर्वेच्या कोपऱ्यावर, सालदार दुसऱ्या मचाणावर, मित्र आणि मी रानाच्या बाजूला. हातात एक डबा, एक काठी, एक टॉर्च. काकाजींनी गोफणही दिली होती, पण माझी गोफण मागे जाते हे दुपारीच सिद्ध झालं होतं.

जागण्याचीही एक रीत असते. काकाजी दर थोड्या वेळाने "होऽऽ" असा लांब आवाज देत. सालदार उत्तर देई. पलीकडच्या शेतातून तिसरा, रानाच्या वळणावरून चौथा. असा आवाज शेतांवरून फिरत गावाभोवती जाऊन परत येई. त्यात डुकरासाठी थोडं आणि एकमेकांसाठी बरंच काही होतं. कोणाचं उत्तर आलं नाही तर दुसरा पुन्हा हाक देई, थोडी रागाने. आमच्या राखणीत माणसं अशी बोलत नसत. डोंगरउतारावरचे कोपरे लांब लांब, प्रत्येक माच एकेकटा. वडील एकटेच डबा वाजवायचे आणि समोरच्या कड्यावरून त्यांचाच डबा परत वाजायचा.

बाराच्या पुढे धुकं उतरलं. साड्या भिजून फडफडायच्या थांबल्या. कुठेतरी चितळ ओरडलं, मग पुन्हा. मित्र कुजबुजला, वाघ फिरत असेल, चांगलं आहे. वाघाच्या रात्री डुक्कर कमी. मला भीती वाटायला हवी होती, पण धानाच्या वासाने आणि शेकोटीच्या धुराने एक जुनी, घोंगडीतली ऊब येत होती. वडिलांच्या पाठीला पाठ लावून झोपायचो तशी. एक वाजता मी "होऽऽ" दिलं. दोनला दिलं. सव्वादोनचं मला आठवतं.

जाग आली ती काकाजींच्या हाताने. उजाडत होतं. मित्रही आडवा होता, तो घोरत होता. काकाजींनी काही विचारलं नाही, फक्त खाली बोट केलं. आमच्या मचाणापासून पंधरा-वीस पावलांवर, दोन साड्यांच्या मधून, चिन्नोरमध्ये एक नवी गादी पडली होती. आम्ही उतरलो. चिखलात खूर ताजे होते, पाणी अजून त्यांत झिरपत होतं. आखूड, बोथट, मागे दोन टिकल्या. त्याने केसांची रांगोळी ओलांडली होती, बाटल्यांना धक्काही लावला नव्हता.

मी माफी मागायला तोंड उघडलं. काकाजी वाकून मागाशेजारी आपला पंजा ठेवून मोजत होते. मग मागाच्या दिशेने पाहिलं, मचाणाच्या पायथ्याकडे. खूर आमच्या बल्ल्यांपर्यंत आले होते. तिथे ते एका जागी खोल रुतले होते, उभं राहिल्यासारखे, आणि मग वळून शेतात गेले होते.

"ऐकत होता जी," काकाजी म्हणाले. "कोण घोरते ते."

त्यांनी आडवी पडलेली एक लोंबी उचलली, दाणे तळहातावर चोळले, तूस फुंकलं आणि चार तांदूळ माझ्या हातावर ठेवले. कच्चे चावले तरी वास येत होता. सालदार दुसऱ्या टोकाकडून विळे घेऊन येताना दिसला. काकाजींनी त्याला हाक मारून सांगितलं, आज या कोपऱ्यातून सुरू कर.